दलालांची नीती, कलम ३४

कुठल्याही धंद्याच्या नीतिसंहितेत काय असतं याचा आपल्याला साधारण अंदाज असतो. गिऱ्हाइकाला फसवू नये, दोन्ही बाजूंकडून गुपचूप दलाली खाऊ नये, दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवू नये, वगैरे. अमेरिकेतल्या घरदलालांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९२४ साली आपली नीतिसंहिता नव्यानं लिहिली, तेव्हा तीतही अशी बरीच शहाणपणाची कलमं होती. आणि एक चौतिसावं कलम होतं. त्याचा मतितार्थ असा: ज्यांच्या येण्यानं वस्तीतल्या घरांच्या किमती उघडपणे पडतील, अशा कुठल्याही वंशाच्या किंवा राष्ट्रीयत्वाच्या माणसांना त्या वस्तीत आणायला दलालानं कधीही कारणीभूत होऊ नये.

पुन्हा एकदा वाचा. भेदभाव चालेल, असं हे कलम म्हणत नाही. भेदभाव करणं हे दलालाचं कर्तव्यच आहे, असं म्हणतं. काळ्या कुटुंबाला गोऱ्यांच्या गल्लीत घर मिळवून देणारा दलाल या हिशेबानं अनीतिमान. त्याच्यावर संघटना कारवाई करू शकते. आणि 'तुमच्यासाठी इथे काही नाही' असं हसतमुखानं सांगून त्या कुटुंबाला परत पाठवणारा दलाल सचोटीचा.

वंशभेदाची गोष्ट सांगताना आपण बहुतेक वेळा वाईट माणसं शोधतो. या गोष्टीत ती आहेतच; पण तिचा मोठा भाग भल्या, नियम पाळणाऱ्या माणसांनी घडवला. त्यांनी पाळलेला नियम कुठून आला, ते बघू.

प्रतिष्ठेची भूक

ही संघटना १९०८ साली शिकागोमध्ये स्थापन झाली. तेव्हा जमिनीचा दलाल म्हणजे थापाड्या, अशीच लोकांची समजूत होती. डॉक्टर-वकिलांसारखा मान हवा, तर त्यांच्यासारखे नियम हवेत, म्हणून १९१३ साली पहिली नीतिसंहिता आली. १९१६ साली संघटनेनं आपल्या सभासदांसाठी 'रिअल्टर' हा खास शब्द घेतला. साधा दलाल कोणीही होईल. रिअल्टर म्हणजे संहितेनं बांधलेला माणूस.

याच सुमारास अमेरिकेतली एक मोठी हालचाल सुरू झाली होती. दक्षिणेतले काळे लोक कापसाची शेतं आणि तिथली दहशत मागे टाकून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाले होते. १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख माणसं अशी उठून गेली. ती शिकागो, डेट्रॉइट, सेंट लुईस अशा शहरांत उतरली, की पहिला प्रश्न एकच: राहायचं कुठे?

काही शहरांनी यावर सरळ कायदेच केले. केंटकी राज्यातल्या लुईव्हिलमध्ये नियम झाला, की ज्या चौकात गोरे बहुसंख्य आहेत तिथे काळ्यानं राहायला जायचं नाही, आणि उलटही. हा कायदा १९१७ साली सर्वोच्च न्यायालयात पडला. गंमत म्हणजे खटला जिंकणारा चार्ल्स ब्युकॅनन हा गोरा जमीन-दलाल होता. काळ्या विल्यम वॉर्लीला आपला प्लॉट विकायचा त्याचा हक्क कायद्यानं हिरावला जातो, असा मुद्दा होता. न्यायालयानं मान राखला तो मुख्यतः मालमत्ता विकण्याच्या हक्काचा.

सरकारनं वस्त्या वाटून देण्याचा मार्ग असा बंद झाला. मग ते काम खासगी हातांनी उचललं. त्याच १९१७ साली शिकागोच्या दलालांच्या मंडळानं धोरण मांडलं, की काळ्यांची वस्ती वाढायचीच असेल, तर एक चौक पूर्ण भरल्यावरच शेजारच्या चौकात वाढू द्यावी. १९२१ साली, गोऱ्यांच्या चौकात काळ्यांना घर देणाऱ्या सभासदाला काढून टाकायचं ठरलं. या मधल्या काळात, जुलै १९१७ ते मार्च १९२१, शिकागोत काळ्यांच्या आणि त्यांना घरं देणाऱ्या दलालांच्या जागांवर ५८ बॉम्बहल्ले झाले. १९१९ च्या दंगलीत ३८ माणसं मेली. मंडळाचे ठराव आणि हे बॉम्ब एकाच शहरात, एकाच वेळी चालू होते.

खरेदीखतातली ओळ

मग आले निर्बंध-करार. गल्लीतले सगळे घरमालक एकत्र येऊन सही करायचे, की आम्ही आणि आमच्यानंतर येणारा कोणीही हे घर काळ्यांना विकणार नाही, भाड्यानं देणार नाही. घरकामाला ठेवलेला नोकर तेवढा चालेल. अशी अट एकदा नोंदली गेली, की घर कितीही वेळा विकलं तरी तिच्यासकट विकलं जायचं. शिकागोसाठी अशा कराराचा छापील नमुना १९२७ साली नेथन मॅकचेस्नी नावाच्या वकिलानं बनवला. हे गृहस्थ दलालांच्या राष्ट्रीय संघटनेचे कायदेशीर सल्लागारही होते. हे करार खासगी आहेत, त्यांच्या आड घटना येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९२६ सालीच म्हटलं होतं.

या करारांत फक्त काळेच नव्हते. गावागणिक यादी बदलायची: ज्यू, चिनी, जपानी, मेक्सिकन. पश्चिम किनाऱ्यावरच्या काही खतांत 'हिंदू' हा शब्दही सापडतो. त्या काळी तिथे कुठल्याही धर्माच्या भारतीयाला हिंदूच म्हणत. वैष्णोदास बगाई १९१५ साली पेशावरहून बायकामुलांसह कॅलिफोर्नियात आले. बर्कलीत त्यांनी घर घेतलं. सामान घेऊन तिथे पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप लावून ठेवलेलं. कला बगाईंनी पुढे ही आठवण सांगितली: अशा लोकांत मुलांना वाढवायला नको म्हणून ते आल्या पावली परत फिरले. १९२३ साली भारतीयांना नागरिकत्व नाकारणारा निकाल लागला, बगाईंचं नागरिकत्व गेलं आणि १९२८ साली वैष्णोदासांनी आत्महत्या केली. २०२० साली बर्कलीच्या नगरपरिषदेनं एका रस्त्याला कला बगाईंचं नाव द्यायचं ठरवलं.

किंमत पडते म्हणजे काय?

कलम ३४ चा सगळा डोलारा एका वाक्यावर उभा होता: 'ते' आले की किमती पडतात. दलाल म्हणायचा, माझ्या मनात काही नाही, पण गिऱ्हाइकाच्या पैशाची काळजी घेणं माझं काम आहे.

हे वाक्य खरं ठरावं अशी व्यवस्थाच पुढे उभी राहिली. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेनं शहरांचे नकाशे काढले. कर्जाला सर्वांत धोकादायक वस्त्या त्यांत लाल रंगवल्या, आणि काळ्यांच्या वस्त्या बहुतेक लालच. 'रेडलायनिंग' हा शब्द तिथलाच. १९३४ साली आलेल्या सरकारी गृहकर्ज-विमा खात्याच्या नियमपुस्तिकेनं तर निर्बंध-करारांची शिफारसच केली. म्हणजे काळी माणसं आली की वस्तीला कर्ज मिळेनासं होणार. कर्ज नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणजे किंमत नाही. आणि मग दलाल म्हणणार, बघा, मी सांगत होतो!

या भीतीवर धंदा करणारेही निघाले. दलाल गोऱ्यांच्या गल्लीत एक घर काळ्या कुटुंबाला द्यायचा. कधी एखाद्या काळ्या बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत गल्लीतून नुसती फिरवायचा. मग दारोदार जाऊन सांगायचा, की अजून भाव आहे तोवर विका. घाबरलेल्या गोऱ्याकडून घर स्वस्तात घ्यायचं आणि काळ्याला चढ्या भावानं द्यायचं. काळ्यांना बँक कर्ज देत नसल्यामुळे बरेचदा हप्त्यांवर: शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर नावावर होणार नाही, एक हप्ता चुकला तर आधीचे सगळे पैसे गेले आणि घरही गेलं. शिकागोतल्या हजारो कुटुंबांनी १९५० आणि ६० च्या दशकांत अशी घरं घेतली. एकाच कलमाच्या आधारानं गोऱ्याला घाबरवलं जात होतं आणि काळ्याला लुटलं जात होतं.

या साच्यात न बसणारा एक दलाल होता कार्ल हॅन्सबेरी. तो स्वतः काळा. १९३७ साली त्यानं शिकागोत निर्बंध-करार असलेल्या भागात घर घेतलं. जमाव आला. भिरकावलेला एक दगड त्याच्या लहान मुलीला लागता लागता राहिला. हॅन्सबेरी कोर्टाच्या कामानं बाहेर असताना त्याची बायको रात्रभर पिस्तूल घेऊन घरात पहारा द्यायची. १९४० साली तो सर्वोच्च न्यायालयात जिंकला, पण तांत्रिक मुद्द्यावर; करार शिल्लकच राहिले. ती मुलगी म्हणजे लोरेन हॅन्सबेरी. तिचं 'अ रेझिन इन द सन' हे नाटक १९५९ साली ब्रॉडवेवर आलं. त्यातला गोरा पाहुणा ना शिव्या देतो, ना दगड मारतो. तुम्ही आमच्या वस्तीत येऊ नका, त्याबद्दल पैसे देतो, असं तो अगदी अदबीनं सांगतो.

संघटनेच्या १९४३ सालच्या एका पुस्तिकेत त्रासदायक गिऱ्हाइकांची उदाहरणं दिली होती: चोरटी दारू विकणारा, कुंटणखाना चालवणारी बाई, गुंड. आणि याच रांगेत, मुलांना कॉलेजात शिकवणारा आणि त्यांनी गोऱ्यांमध्ये राहावं असं वाटणारा सधन काळा माणूस. हॅन्सबेरीचंच वर्णन म्हणा ना.

शब्द गेला

सेंट लुईसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात १९४८ साली सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की असे करार न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत. नऊपैकी तीन न्यायमूर्ती या खटल्यातून बाजूला झाले होते. उरलेल्या सहांनी एकमतानं निकाल दिला. १९५० साली संघटनेनं कलमातून वंश आणि राष्ट्रीयत्व हे शब्द काढले. वस्तीच्या किमतींना बाधा येईल असा 'वापर' आणू नये, एवढं ठेवलं. त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे २६ वर्षांच्या सवयीनं प्रत्येक दलालाला ठाऊक होतं.

काळ्या दलालांना बहुतेक स्थानिक मंडळांची दारं बंदच होती. सभासद नाही तर 'रिअल्टर' म्हणवता येणार नाही आणि सभासदांच्या सामायिक यादीतली घरंही मिळणार नाहीत. त्यांनी १९४७ साली आपली वेगळी राष्ट्रीय संघटना काढली आणि स्वतःला नाव घेतलं 'रिअल्टिस्ट'.

कॅलिफोर्नियानं १९६३ साली घर देताना वंशभेद करायला बंदी घालणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी तिथल्या दलालांच्या संघटनेच्या पुढाकारानं तो निकामी करणारा प्रस्ताव सार्वमताला आला. घोषणा होती मालकाच्या स्वातंत्र्याची. सुमारे दोनतृतीयांश मतांनी तो मंजूर झाला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द ठरवला. वर्षानुवर्षं निर्बंध-करारांनी मालकाचे हात बांधणाऱ्या धंद्याला आता मालकाच्या स्वातंत्र्याचा पुळका आला होता.

४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. सात दिवसांनी घरांतल्या भेदभावाला बंदी करणाऱ्या राष्ट्रीय कायद्यावर सही झाली. दलालांच्या राष्ट्रीय संघटनेनं या कायद्याला विरोध केला होता. शिवाय त्याला दात असे फारसे नव्हतेच; अंमलबजावणीला खरा जोर आला तो १९८८ च्या दुरुस्तीनं.

आणि सवय? 'न्यूजडे' या वर्तमानपत्रानं न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर तीन वर्षं तपास करून तो २०१९ साली छापला. छुपे कॅमेरे घेऊन, सारखीच ऐपत असलेली गोरी आणि इतर माणसं ९३ दलालांकडे पाठवली. काळ्या माणसांना ४९ टक्के वेळा वेगळी वागणूक मिळाली, लॅटिनोंना ३९ टक्के आणि आशियाई लोकांना १९ टक्के वेळा. कोणी नकार देत नाही, अपमान करत नाही. फक्त घरांची यादी वेगळी येते. दुसऱ्या वर्षी, २०२० मध्ये, संघटनेच्या अध्यक्षांनी जुन्या धोरणांबद्दल जाहीर माफी मागितली. कलम ३४ ला तोवर ९६ वर्षं झाली होती.

आपल्याकडचं कलम

न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षं शिकून आलेल्या बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळेना. पारशी पथिकाश्रमात नाव बदलून राहिले, तर काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. ही हकिकत आपल्याला शाळेपासून माहीत असते. पण तिच्याशेजारी ठेवायला एक अलीकडची तारीखही आहे. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की सहकारी संस्था आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवू शकते. सभासदांनी स्वखुशीनं केलेली ही पोटनियमांची व्यवस्था आहे, तिच्या आड घटना येत नाही. अमेरिकेचा १९२६ सालचा निकाल आठवतोय ना?

आपल्याकडच्या दलालांना कलम ३४ लिहून घ्यावं लागलं नाही. पहिल्या फोनवरच ते आडनाव विचारतात, मग 'व्हेज ना?', मग 'फॅमिली की बॅचलर?' आणि शेवटी, 'माझं काही नाही हो, सोसायटीचे लोक ऐकत नाहीत.' तो खोटं बोलत असेलच असं नाही. १९२४ च्या दलालाचंही स्वतःचं काही नव्हतं.

पुढच्या वेळी घर शोधताना असा फोन आला, तर त्याला एवढंच विचारून बघा: हा नियम कुठे लिहिलाय? आणि तुमचं आडनाव 'चालणारं' असेल, तर जरा जास्त आग्रहानं विचारा. ज्याचं चालत नाही, त्याचा फोन तोवर ठेवून दिलेला असतो.