देवगिरीचे यादव आणि घरोघरचे जाधव

जाधव आडनावाचे घर ज्यात नाही असे गाव मराठवाड्यात विरळाच. छत्रपती संभाजीनगराहून वेरूळच्या वाटेने सुमारे १५ किलोमीटर गेले म्हणजे डाव्या हातास कडे तासलेला जो दुर्गम डोंगर उभा राहतो, त्या देवगिरीशी या आडनावाचा ऋणानुबंध आहे. यात्रेची जत्रा आणि योग्याचा जोगी ज्या रीतीने झाला, त्याच रीतीने लोकांच्या मुखी यादवाचा जाधव झाला.

बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने चालुक्यांचे मांडलिकत्व झुगारून देवगिरीस राजधानी केली. शिलालेखांत या राजांना त्यांच्या देशावरून ‘सेउण’ म्हटलेले आढळते. परंतु त्यांना स्वतःला प्रिय होती ती यदुकुलाची नाममुद्रा, आणि ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ हे बिरुद ते अभिमानाने मिरवीत. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा तिच्या समारोपात ज्ञानदेवांनी रामचंद्ररायाचे स्मरण केले तेही यदुवंशाच्याच नावाने. पुढे अवघ्या सहा वर्षांत अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी आली, राय मांडलिक झाला आणि चौदाव्या शतकाची पहिली वीस वर्षे सरण्यापूर्वी सिंहासनही लयास गेले.

स्कॉटलंडात राजगृहाच्या कारभाऱ्याच्या वंशपरंपरागत हुद्द्यावरून ‘स्टुअर्ट’ हे आडनाव पडले, आणि १३७१ मध्ये त्याच घराण्यातील दुसरा रॉबर्ट राजपदी चढला. देशमुख, कुळकर्णी, पोतदार ही आडनावे नित्य ऐकणाऱ्या आपल्याला हुद्द्याचे आडनाव होण्यात नवल वाटत नाही. परंतु जाधवांचा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे. राज्य गेले, आणि राजवंशाचे नाव रयतेत उतरले.

निजामशाहीत सिंदखेडचे देशमुख लखुजी जाधवराव हे देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणून मान पावले. राजमाता जिजाऊंचे ते वडील. १६२९ मध्ये ते मुजऱ्यासाठी दौलताबादेच्या, म्हणजे जुन्या देवगिरीच्याच, किल्ल्यात गेले असता निजामशहाच्या इशाऱ्याने भर दरबारात त्यांच्यावर घाला झाला, आणि त्यांच्यासह अचलोजी व राघोजी हे दोन पुत्र व नातू यशवंतराव अशा तीन पिढ्या एका जागी कापल्या गेल्या. ज्या दुर्गावर यादवांची गादी होती, त्याच दुर्गात त्या कुळाचे नाव सांगणाऱ्या पुरुषाचा असा अंत व्हावा, ही गोष्ट वाचताना आजही मन विदीर्ण होते. सिंदखेडराजास लखुजींची भव्य समाधी उभी आहे. याच घराण्यातील धनाजी जाधव पुढे छत्रपतींचे सेनापती झाले.

देवगिरीचा शेवटचा यादव राजा हरपालदेव याच्यापासून लखुजींपर्यंतची तीन शतके मात्र मुख्यतः वंशावळींच्या आधारावर उभी आहेत, आणि वंशावळ म्हणजे शिलालेख नव्हे. शिवाय हे आडनाव मराठ्यांपुरते राहिलेले नाही. पूर्वाश्रमीचे महार, मातंग, माळी, कुंभार आणि तांड्यावरचे बंजारे यांच्यातही जाधव आहेत. या सर्वांस एका राजाच्या रक्ताशी जोडणे हा इतिहास नव्हे. आणि राजरक्त सिद्ध न झाल्याने कोणाही जाधवास उणेपणा येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

वतनाच्या सनदा, महजर आणि त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या यांतून प्रत्येक घराण्याचा खरा वृत्तांत अद्याप हाती लागू शकतो. तेव्हा ज्यांच्या माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल पडून असतील, त्यांनी ते वाळवीच्या हवाली न करता जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावेत, एवढीच विनंती आहे.