रक्तस्राव थांबवणे: डॉक्टरांकडून लोकांकडे

काही वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत हात सापडलेला एक तरुण माझ्या दवाखान्यात आला. जखमेत मूठभर हळद, दंडाला करकचून बांधलेली सुतळी, आणि रक्त तरीही वाहतच होते. "एवढं घट्ट बांधून पण थांबेना डॉक्टर," भाऊ म्हणाला. खरे तर सुतळीमुळेच ते जास्त वाहत होते. बारीक दोरीने वरच्या नीला दाबल्या जातात, खोल असलेली धमनी दाबली जात नाही. हृदयाकडून रक्त येत राहते, परतीचा रस्ता मात्र बंद. सुतळी कापून जखमेवर दहा मिनिटे जोर लावून दाबून धरले, तेव्हा ते आटोक्यात आले.

भावाची चूक नव्हती. त्याला कोणी शिकवलेच नव्हते. सामान्य माणसाला हे शिकवावे, ही कल्पना तशी दीडशे वर्षांपूर्वीचीच आहे.

1878 साली लंडनजवळच्या वुलिच येथे पीटर शेफर्ड या लष्करी डॉक्टरने नागरिकांसाठी प्रथमोपचाराचा वर्ग घेतला. आदल्याच वर्षी सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन स्थापन झाली होती. पुढच्याच वर्षी, 22 जानेवारी 1879 रोजी, दक्षिण आफ्रिकेतील इसांडलवानाच्या लढाईत शेफर्ड मारले गेले. त्यांच्या टिपणांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघाले आणि वर्ग चालू राहिले. आपल्याकडे एसटीच्या कंडक्टरला प्रथमोपचाराचे जे प्रमाणपत्र लागते, त्याचा उगम असा त्या वर्गाशी जाऊन पोहोचतो.

1881 मध्ये जर्मन शल्यचिकित्सक फ्रीडरिश एस्मार्क वैद्यकीय परिषदेसाठी लंडनला गेले आणि हे काम पाहून भारावले. शस्त्रक्रियेत हातपाय रक्तहीन करणारी रबरी पट्टी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. युद्धात वेळेवर मदत न मिळाल्याने माणसे कशी दगावतात, हे त्यांनी पाहिले होते. 1882 मध्ये त्यांनी कील शहरात 'समॅरिटन' शाळा सुरू केली. काही डॉक्टरांनी नाके मुरडली. चार व्याख्याने ऐकून लोक वैदू होतील म्हणे! (ही भीती आमच्या व्यवसायात अजून पुरती गेलेली नाही.)

नंतर एक उलटा काळ आला. महायुद्धांत टूर्निकेट, म्हणजे रक्तप्रवाह रोखणारी आवळपट्टी, चुकीच्या पद्धतीने बांधली जाई आणि सैनिक तासन् तास रुग्णालयात पोहोचत नसत. हातपाय गमवावे लागत, आणि दोष पट्टीवर येई. मी एमबीबीएसला असताना आम्हालाही "टूर्निकेट शेवटचा उपाय" असेच शिकवले गेले. मीही बरीच वर्षे तेच सांगत आलो.

हे मत बदलले इराक युद्धात. 2006 मध्ये बगदादच्या एका लष्करी रुग्णालयात टूर्निकेट लावलेल्या 232 जखमींचा अभ्यास झाला. शॉकमध्ये जाण्याआधी पट्टी लावलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के वाचले. शॉकनंतर लावलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. आणि केवळ पट्टीमुळे एकाचाही हात किंवा पाय गेला नाही. डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेतील सँडी हूक शाळेत गोळीबार झाला. त्यानंतर शल्यचिकित्सक लेनवर्थ जेकब्स यांच्या पुढाकाराने तज्ज्ञ एकत्र आले, आणि 2015 मध्ये 'स्टॉप द ब्लीड' ही लोकशिक्षणाची मोहीम सुरू झाली.

शिकायचे तसे थोडेच असते. प्रथम 108 ला फोन करायला सांगा. स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी, कोपर ताठ ठेवून दाबा, आणि "थांबलं का" म्हणून सारखे उचलून पाहू नका. जांघ, काख अशा ठिकाणी खोल जखम असेल तर कापड आत ठासून भरा आणि दाबा. हात किंवा पायातून रक्त उसळत असेल आणि दाबून थांबत नसेल, तर रुंद पट्टी जखमेच्या दोन-तीन इंच वर, सांधा सोडून, रक्त थांबेपर्यंत आवळा. दुखते, पण सैल करू नका. वेळ लिहून ठेवा. सर्पदंशात मात्र पट्टी आवळायची नाही. तो वेगळा विषय, पण गोंधळ नेहमी होतो म्हणून सांगितले.

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या मंडळाच्या मुलांना मी हे शिकवले. गादीच्या फोमला चीर पाडून त्यात कापड भरायला लावले. पहिला प्रश्न रक्ताबद्दल नव्हताच. "सर, पोलिसांचं लफडं मागे लागलं तर?" 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि 2019 च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. कायद्यात त्याला 'गुड समॅरिटन'च म्हटले आहे, एस्मार्क यांच्या शाळेसारखेच. हे ऐकल्यावर मागे भिंतीला टेकून उभी असलेली दोन-तीन पोरे पुढे आली आणि फोमवर हात ठेवून बसली.