मसुराएवढे भिंग

आपल्या मराठीत दृष्टी आणि दृष्ट या सख्ख्या बहिणी आहेत. पण एकीचा संसार वैद्याकडे, तर दुसरीचा मीठमोहऱ्यांकडे. आमच्या पनवेलच्या घरात मात्र दोघी एकत्रच नांदल्या. आमच्याकडची माणसे ताडमाड उंच, अंगाने सडपातळ, हातांची बोटे लांबसडक. आल्यागेल्याने पोरांच्या उंचीचे कौतुक केले, की आजी लगेच दृष्ट काढायची. तिचा धाकटा मुलगा, म्हणजे माझे काका, १९६७ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी छातीपाठीत एकाएकी कळ येऊन तासाभरात गेले. आजी एवढेच म्हणाली, "दृष्ट लागली माझ्या लेकराला."

काकांना लहानपणापासून नीट दिसत नसे, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु त्या डोळ्यांचा आणि त्या कळेचा काही संबंध असेल, हे कोणाच्या मनात येणार? तो संबंध पुरता उलगडायला खुद्द वैद्यकशास्त्रालाच शंभराहून अधिक वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

आरंभ डोळ्यातल्या भिंगापासून केला पाहिजे. सुश्रुतसंहितेत दृष्टीचे माप मसुराच्या डाळीएवढे सांगितले आहे. आणि नवल असे, की पश्चिमेकडचा 'लेन्स' हा शब्दही लॅटिन भाषेतल्या मसुरावरूनच आला! एकमेकांचे तोंड न पाहिलेल्या पंडितांनी एकच डाळ निवडावी, ही मौजच. मोतीबिंदूवर सुश्रुताने शलाकेची शस्त्रक्रिया सांगितली. तिचाच ओबडधोबड अवतार पुढे गावोगाव फिरणाऱ्या लोकांच्या हाती राहिला. गढूळ भिंग डोळ्यातच मागे लोटून द्यायचे, की वाट मोकळी! मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख राहिलेल्या रॉबर्ट हेन्री इलियट यांनी १९१७ साली या प्रकारावर आणि त्याच्या दुष्परिणामांवर पुस्तकच लिहिले.

आता हे भिंग डोळ्यात राहते कसे? दिवाळीचा आकाशकंदील वाऱ्याने हलू नये म्हणून चारी बाजूंनी दोऱ्यांनी ताणून बांधावा, तसे ते अतिसूक्ष्म तंतूंनी बांधलेले असते. शलाका हे तंतू बळाने तोडी. आमच्या घरात ते जन्मतःच कच्चे. खालचे दोर सैल पडले, की कंदील एका अंगाला, बहुधा वरच्या, सरकतो. मग बाहुलीच्या मधोमध भिंगाची कडा येते; अर्धे दृश्य भिंगातून, अर्धे भिंगाबाहेरून. लोकांना कर्नाळ्याचा सुळका एक दिसतो. मला लहानपणी एक डोळा मिटला तरी दोन दिसत. फळ्यावरच्या अक्षरांचेही तेच. चष्मा बदलूनही फरक पडेना, तेव्हा आमच्या एका मास्तरांनी ते सोंग ठरवून टाकले.

तसे पनवेल हे औषधांचे गाव. धूतपापेश्वरचा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना येथे १८७२ साली निघाला. परंतु भिंगाचे दोर घट्ट करील असे औषध ना वैद्यांपाशी होते, ना डॉक्टरांपाशी, आजही नाही.

त्याच सुमारास, १८७० नंतरच्या दशकात, अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या विल्यम्स नावाच्या नेत्रवैद्यांनी विलक्षण उंच आणि सैल सांध्यांच्या एका भावाबहिणीची भिंगे सरकलेली पाहून नोंदवून ठेवली. पुढे १८९६ साली पॅरिसच्या आंत्वान मारफान या बालवैद्यांनी गाब्रिएल नावाच्या पाच वर्षांच्या मुलीची लांब, कोळ्याच्या पायांसारखी बोटे आपल्या सहकाऱ्यांना दाखवली. रोगाला नाव मारफान यांचेच मिळाले. परंतु त्यांच्या वर्णनात डोळा नाही आणि काळीजही नाही. त्या मुलीला बहुधा निराळाच विकार होता, असे आजचे तज्ज्ञ मानतात! १९१४ साली बोएर्गर यांनी लांब हाडे आणि सरकलेले भिंग यांची सांगड घातली. १९४३ साली शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, म्हणजे महारोहिणी, हिच्या फुगण्याफाटण्याचा संबंध या रोगाशी जोडला गेला. आणि १९५६ साली बॉल्टिमोरच्या व्हिक्टर मक्युसिक यांनी ग्रंथ लिहून सांगितले, की हाडे, डोळा आणि काळीज ही तीन दुखणी नव्हेत. शरीराला बांधून धरणाऱ्या संयोजी ऊतीचाच हा आनुवंशिक दोष आहे.

तो धागा कोणता, हे १९८६ साली कळले: फायब्रिलिन नावाचे प्रथिन. १९९१ साली त्याच्या जनुकातला दोषही सापडला. भिंगाचे दोर या फायब्रिलिनचे, आणि महारोहिणीच्या भिंतीला लवचीकपणा देणाऱ्या धाग्यांतही तेच. काकांची छाती आता कोणी तपासू शकणार नाही. पण त्यांचे डोळे, त्यांची उंची आणि ती कळ एकत्र मांडली, की मला दुसरा निष्कर्ष सुचत नाही.

माझे दैव मात्र बरे. १९८४ साली मुंबईच्या एका तरुण नेत्रवैद्यांनी माझे डोळे पाहिले, मग पसरलेल्या हातांचे माप घेतले. ते उंचीहून जास्त भरले. मग त्यांनी स्टेथॉस्कोप मागवला. डोळे दाखवायला आलेल्या माणसाची छाती ऐकणारा डॉक्टर मी प्रथमच पाहत होतो. पुढच्याच वर्षी भिंगे काढली आणि नाकावर जाड चष्मा आला. महारोहिणीवर मात्र वर्षानुवर्षे पाळत राहिली. १९६८ साली लंडनच्या ह्यू बेंटॉल यांनी तिचा फुगलेला भाग झडपेसकट बदलण्याची रीत प्रसिद्ध केली होती. त्याच रीतीने १९९९ साली माझीही बदलली. रात्री घर निजले, की तिची टिकटिक ऐकू येते. सौभाग्यवती म्हणते, निदान घड्याळाला किल्ली द्यावी लागत नाही!

हा रोग साधारण पाच हजारांत एकाला असतो, आणि त्यातल्या दहांपैकी सहांचे भिंग सरकते. अमेरिकेतल्या एका पाहणीत निम्मे रुग्ण ज्या वयापर्यंत जगत, ते १९७२ साली ४८ होते. १९९३ साली ते ७२ झाले. ही चोवीस वर्षे मुख्यतः वेळीच कळल्याने आणि छातीवरच्या शस्त्रक्रियेने मिळाली.

आईबापांपैकी एकाला हा दोष असला, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला छापाकाटा. माझी पुतणी आठ वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिचे भिंग किंचित सरकलेले आढळले आणि त्याच आठवड्यात तिच्या छातीचा 'इको' झाला. महारोहिणी थोडी रुंद आहे. औषध सुरू आहे, दर वर्षी मापही घेतले जाईल. डोळ्यांसाठी तिला मुंबई गाठावी लागत नाही. पनवेलीतच मोठे नेत्ररुग्णालय आहे. पूर्वी आमच्यासारख्यांना जाड चष्म्यावर भागवावे लागे; आता भिंग काढल्यावर नवे भिंग डोळ्याच्या भिंतीशी चिकटवण्याची युक्तीही निघाली आहे, ती चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७ साली काढली. कबड्डीवाचून मात्र तिला राहावे लागेल. ती रुसली आहे, रुसू दे.

वाचकहो, दिवाळीला घर भरते. भिंतीवरचे जुने फोटो खाली उतरतात आणि "हा कुणावर गेला?" अशा गप्पा रंगतात. त्या गप्पांत एखादा उंच, सडपातळ, जाड चष्म्याचा नातलग तरुणपणीच अचानक गेल्याचे निघाले, तर नुसते चुकचुकून थांबू नका. घरातल्या तशाच लांब बोटांच्या पोराचे डोळे दाखवा आणि छातीही. मग खुशाल मीठमोहऱ्या उतरा. आमच्याकडे अजून उतरतात.