उतरविण्याची विद्या

आपल्या कोकणपट्टीत ‘उतरविणे’ या क्रियापदाचा संसार फार मोठा आहे. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरांत आगबोट धक्क्यास न लागता खोल पाण्यात नांगरून पडे तेव्हा उतारूंच्या वळकट्या आणि ट्रंका होड्यांत उतरविल्या जात; तान्ह्या मुलाची दृष्ट तिन्हीसांजेस मीठ-मोहऱ्यांनी उतरविली जाई; आणि गेली सत्तर-ऐंशी वर्षे, खारेपाटणापासून बांद्यापर्यंत मुंबई-गोवा महामार्गाच्या दुतर्फा जांभ्या दगडाच्या आणि पत्र्याच्या ज्या शेडी उभ्या राहिल्या, त्यांत उतरविले जाते ते मोटारीचे इंजिन. ‘इंजिन उतरवूचां लागतलां’, हे मिस्त्रीचे वाक्य ऐकताच गाडीमालकाचा चेहरा जसा पडतो तसा तो वैद्याने ऑपरेशन सांगितल्यावरही क्वचितच पडत असेल. ही उतरविण्याची विद्या आमच्या मुलखात कोठून आली, हे शोधू गेले असता हाती लिखित दप्तर फारसे लागत नाही. तथापि ज्या कारणांनी ती येथे रुजली ती कारणे मात्र इतिहासात ठळकपणे दिसतात.

मोटार ही या प्रदेशाला परकी. येथे गलबते बांधली गेली, 25 नोव्हेंबर 1664 रोजी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली त्या सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग समुद्रात उभा राहिला, सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी लाकडाची फळे आणि खेळणी अशी घडविली की पाहणाऱ्याने खऱ्या फळाच्या भ्रमाने हात पुढे करावा. पण मोटार येथे घडली नाही. ती आली ती घाट उतरून वा समुद्रमार्गे, तयार होऊन. आणि तिच्यामागून तिचा कारखाना, तिचा इंजिनीअर वा तिचे सुटे भाग यांपैकी काहीच आले नाही. आंबोली, फोंडा आणि गगनबावडा या घाटांच्या चढणी आणि पावसाळ्याचे चार महिने यांनी तिची जी दुर्दशा केली तिच्यावर उपाय करावयाचा तर तिचे अंतरंग उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. मोटार घडविण्याची विद्या ज्या मुलखास मिळाली नाही, त्या मुलखाने ती मोडून पाहण्याच्या विद्येपासून आरंभ केला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या विद्येला पहिली कठोर तालीम दिली. पेट्रोलवर नियंत्रण आले आणि खाजगी ‘सर्व्हिस मोटारीं’च्या पाठीशी कोळशाच्या वायूची उभी भट्टी बसली, त्या वायूबरोबर राख आणि डांबर इंजिनात जाई, सिलिंडर झिजत आणि व्हॉल्व चिकटत, म्हणून इंजिन उतरविण्याचे जे काम पूर्वी क्वचित निघे ते वरचेवर निघू लागले. युद्ध संपले तेव्हा लष्कराच्या ‘डिस्पोजल’मधून जीपा आणि ट्रक सर्वत्र विक्रीस निघाले. पुढे 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस. टी. ची पहिली गाडी धावली, यथाकाल तिचे जाळे दक्षिण कोकणातही पसरले, आणि आज ज्याला सिंधुदुर्ग विभाग म्हणतात त्याची कार्यशाळा कणकवलीस झाली. अशा कार्यशाळांमुळे जे काम मिस्त्रीच्या अंदाजावर चाले त्याला नोंदवह्या, क्रम आणि शिस्त लाभली. आणि तेथून निवृत्त झालेला हात पुष्कळदा स्वतःच्या दाराशी शेड घालून बसला.

विद्येला दुसरी तालीम मिळाली ती टंचाईची. स्वातंत्र्योत्तर आयात-निर्बंधांमुळे विलायती गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. शेजारच्या गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली परदेशी मोटारी येत, त्यांच्यावरही मुक्तीनंतर तोच प्रसंग ओढवला. तेव्हा देह विलायती ठेवून हृदय देशी बसविण्याची युक्ती निघाली. अँबॅसडर किंवा फियाटचे इंजिन भलत्याच गाडीच्या पोटात जाऊ लागले. आणि 1973 नंतर तेलाचे भाव भडकले तशी पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसविण्याची लाटच आली. इंजिन उतरविणे हे आता केवळ दुरुस्तीचे अंग राहिले नाही. एका गाडीतून दुसरी गाडी निर्माण करण्याचा तो मार्ग झाला.

याच मार्गाचे टोक म्हणजे प्रतिकृती-मोटार; आणि तिची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. कॉलिन चॅपमन या इंग्रज रचनाकाराने 1957 साली ‘लोटस सेव्हन’ नावाची दोन आसनांची, सुमारे 500 किलो वजनाची उघडी क्रीडामोटार बाजारात आणली. सुट्या भागांच्या रूपाने ती घेतल्यास त्या काळचा ब्रिटिश खरेदीकर चुकत असे. मात्र भागांसोबत जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती. तेव्हा कंपनीने गाडी उतरविण्याच्या सूचना छापल्या आणि ग्राहकाने त्या शेवटापासून आरंभापर्यंत पाळाव्यात अशी व्यवस्था केली, अशी कथा मोटारींच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते. आमच्या मिस्त्र्यांना ही कथा सांगितली तर तिच्यात त्यांना विनोद दिसणार नाही. त्यांचे सारे शिक्षण याच उलट्या पोथीवर झालेले आहे.

या लोटसच्या प्रतिकृती जगभर निघाल्या, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी तशी एक आपल्या कोकणातही निघाली: अलिबागजवळच्या कार्लेखिंडीतील चिंकारा मोटर्सची ‘रोडस्टर 1.8 एस’. तिचे अंग फायबरचे, म्हणजे आमच्या किनाऱ्यावरच्या आजच्या होड्यांच्याच गोत्राचे. आणि पोटात इसुझु जातीचे 1.8 लिटरचे पेट्रोल इंजिन, जे हिंदुस्थान मोटर्सने काँटेसा आणि अँबॅसडर यांसारख्या भारदस्त गाड्यांसाठी स्वीकारले होते. रूप इंग्रजी, हृदय जपानी, आणि वळण कोकणातले!

अशा गाडीचे इंजिन उतरवावयाचे झाले तर काम दिसते तितके सोपे नसते. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडावयाचे. मग रेडिएटरचे पाणी आणि इंजिनाचे तेल निराळ्या डब्यांत काढावयाचे. नाकाडाचा फायबरचा भाग दोघांनी हलक्या हाताने उचलून, ओरखडा येऊ नये म्हणून गोणपाटावर ठेवावयाचा. रेडिएटर, नळ्या, सायलेन्सरचा पाइप, ॲक्सिलरेटरची आणि क्लचची केबल ही एकेक करून सुटतात. प्रत्येक वायरीला चिंधी बांधून खूण केली जाते, कारण आठ दिवसांनी कोणती वायर कोठली हे आठवण सांगत नाही, चिंधी सांगते. या गाडीत गिअरबॉक्स दोन आसनांमधल्या अरुंद बोगद्यात शिरलेला असल्यामुळे तो खालून निराळा ओढून घेण्यापेक्षा इंजिनासकट वरूनच काढणे श्रेयस्कर. त्यासाठी आधी गिअरचा दांडा उपटावा लागतो. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचे चार बोल्ट सोडण्यापूर्वी जोडाच्या दोन्ही तबकड्यांवर आडवी रेघ मारतात, म्हणजे जोडताना त्या होत्या तशाच बसाव्यात. अन्यथा गाडी वेगात असताना अंग थरथरते.

मग तुळईला अडकविलेली चेन-कप्पी खाली येते. साखळी इंजिनाच्या दोन टोकांना अशी बांधावयाची की पुढचे तोंड वर आणि गिअरबॉक्सची शेपटी खाली झुकावी. नवा पोऱ्या हटकून विसरतो ती प्लास्टिकची पिशवी त्या शेपटीला बांधलेली असली पाहिजे, नाहीतर कलताच गिअरचे तेल खाली सांडते. ‘फाउंडेशन’चे बोल्ट निघाले की एक जण साखळी ओढतो, एक जण शेपूट सांभाळतो आणि उस्ताद काहीही न धरता केवळ फटीकडे पाहत उभा राहतो. इंजिन वर येते तेव्हा गाडीचा पुढचा भाग किंचित उंचावतो. हलकी गाडी ओझे उतरल्याचा सुस्कारा टाकते असे वाटते. कप्पी, दोर, कलता भार आणि एकाच्या इशाऱ्यावर चालणारे अनेक हात हे दृश्य गलबताचे डोल उभारणाऱ्या मालवणी खलाशाला अपरिचित वाटले नसते.

उतरविलेल्या इंजिनाला सरकारदरबारीही एक अस्तित्व असते. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, ओरोसच्या माळावर सिंधुदुर्गनगरी वसविली गेली, आणि एम. एच. 07 या क्रमांकाच्या गाड्यांचे दप्तर येथल्या परिवहन कार्यालयात आले. त्या दप्तरात गाडीचे रूप लिहिले जाते, पण तिची ओळख इंजिन आणि चासी यांच्या क्रमांकांवर ठरते. फेरफार नोंदविल्यावाचून सातबाऱ्यावरचे मालकाचे नाव बदलत नाही, तद्वत मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये परवानगी आणि नोंद यांवाचून गाडीचे हृदय बदलता येत नाही. आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मूळ रचनेत मनमानी फेरबदल करण्यास अधिकच आळा घातला. ज्या स्वैर कलमांवर ही विद्या पोसली, तिच्या त्या अंगाला कायद्याने असा पायबंद पडला आहे.

परंतु दप्तरातल्या त्या क्रमांकांपलीकडे या व्यवसायाने मागे ठेवलेले लेख ते कोणते? कोणते इंजिन कोणत्या शेडीत किती वेळा उतरले, कोणत्या हातांनी ते पुन्हा बसविले, याची बखर कोणी लिहिली नाही. लेख म्हणावयाचा तर शाफ्टच्या दोन तबकड्यांवरची ती खडूची आडवी रेघ. पलीकडच्या अर्ध्याला अलीकडचे अर्धे जुळले की तिचे काम संपते, आणि आमच्याकडचा पहिला पाऊस तिला चाकांवरच्या चिखलाबरोबर धुऊन नेतो.