बे-लीफ : एका शेतकऱ्याच्या घराचे स्थलांतर

राजांचा इतिहास दप्तरांत सापडतो. शेतकऱ्याचा इतिहास पुष्कळदा त्याच्या घराच्या लाकडांतच वाचावा लागतो. इंग्लंडातील केंट परगण्यात चिडिंगस्टोनजवळ असलेले ‘बे-लीफ’ हे घर याचा उत्तम दाखला होय. त्याचा बराचसा भाग पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. एका टोकाचा भाग सोळाव्या शतकाच्या आरंभी जोडलेला. लाकडातील वार्षिक वलयांवरून हा कालनिर्णय झाला आहे.

घराचा सांगाडा ओकच्या खांबांचा व तुळयांचा. त्यांचे सांधे एकमेकांत बसवून लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले. मधली जागा कुडाच्या भिंतींनी भरलेली. मध्यभागी छपरापर्यंत मोकळे असे मोठे दालन. त्याच्या जमिनीवर विस्तव पेटे. धुराडे नव्हतेच, धूर छपरातूनच वाट काढी. खिडक्यांना काचेऐवजी लाकडी गज व झडपा होत्या. दालनाच्या वरच्या अंगाला यजमानाचे आसन आणि त्यामागे त्याच्या खाजगी खोल्या. खालच्या अंगाला ये-जा करण्याची दारे आणि खाद्यपेयांची कोठारे. कोणी कोठे बसावे, हे घराची रचनाच ठरवीत असे. दोन्ही टोकांचे मजले पुढे झुकलेले, मधले दालन मागे सरलेले आणि साऱ्यांवर एकच छप्पर, अशी ही ‘वील्डन’ पद्धती.

पुढे बाऊ बीच येथे जलाशय बांधण्याचे ठरले आणि घराची जागा त्याच्या आड आली. पाणी कंपनीने घर दान दिले. १९६८-६९ मध्ये ते उतरविण्यात आले आणि ससेक्समधील सिंगलटन येथील खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारण्यात आले. हे संग्रहालय १९७० मध्ये लोकांस खुले झाले. मध्ययुगीन सुतारही सांगाडा आपल्या आवारात जुळवीत, लाकडांवर खुणा करीत, मग तो सुटा करून जागेवर नेत. म्हणजे संग्रहालयाने केले ते त्या सुतारांच्या रीतीला धरूनच होते.

तथापि येथे एक प्रश्न उरतो. पुनर्रचनेत घर सुमारे १५४० सालच्या रूपात दाखविले आहे. त्यानंतरच्या पिढ्यांनी केलेले फेरफार परत आले नाहीत. ज्या शेतांसाठी घर बांधले, तीही मागे राहिली. घर वाचले, ते शतकांच्या साखळीतील एका दुव्यापुरते. पाहणाऱ्याने हे ध्यानी ठेवावे; पण म्हणून कृतज्ञता कमी करू नये, कारण पाण्याने तेवढाही दुवा ठेवला नसता.