अर्बुदांचे निदान : बाह्य लक्षणांपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत

प्रस्तावना
शरीरावर उठलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. तसेच न दुखणारी प्रत्येक गाठ निर्धोकही नसते. गिरणाकाठच्या भडगावसारख्या तालुक्याच्या गावी आजही ‘दुखत नाही, मग काय होते?’ या समजुतीने गाठीकडे दुर्लक्ष होते. साध्या व मारक अर्बुदांतील भेद ओळखण्याची शास्त्रीय पद्धती महाराष्ट्रात कशी रुजली, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

प्राचीन विचार
सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी आणि अर्बुद यांचा विचार एकाच अध्यायात आला आहे. गोल, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मूळ असलेले, हळूहळू वाढणारे व न पिकणारे असे अर्बुदाचे वर्णन तेथे आढळते. एका अर्बुदावर दुसरे उद्भवल्यास त्यास अध्यर्बुद म्हटले असून ते असाध्य मानले आहे. हे निरीक्षण सूक्ष्म असले तरी त्याचा आधार बाह्य लक्षणांचाच होता.

पेशीविज्ञानाचा पाया
१८३८ मध्ये योहानेस म्युलर यांनी अर्बुदे पेशींची बनलेली असल्याचे दाखविले. १८५८ मध्ये रुडॉल्फ फिरखो यांनी रोगाचे मूळ पेशीत शोधण्याचा सिद्धान्त मांडला. त्यानंतर निदानाचे केंद्र रुग्णशय्येवरून प्रयोगशाळेकडे सरकले. साध्या अर्बुदातील पेशी मूळ ऊतीतील पेशींसारख्याच असतात. असे अर्बुद सहसा सावकाश वाढते, शेजारच्या ऊतींना बाजूस सारते; परंतु त्यांत घुसत नाही. चरबीची गाठ हे त्याचे परिचित उदाहरण होय. मारक अर्बुद मात्र शेजारच्या ऊतींत शिरते आणि रक्त वा लसीकेच्या मार्गाने दूरच्या अवयवांत नवी ठाणी वसविते. अर्थात ‘साधे’ म्हणजे नेहमीच निरुपद्रवी नव्हे. कवटीच्या आत वाढणारे साधे अर्बुदही दाबामुळे प्राणघातक ठरू शकते.

महाराष्ट्रातील वाटचाल
२८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा विकृतिविज्ञानाचे अध्यापक डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी सांभाळली. काढलेल्या ऊतीचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करण्यापुरते त्यांचे कार्य मर्यादित राहिले नाही. तंबाखू चघळण्याची सवय आणि मुखाचा कर्करोग यांच्या संबंधाकडेही त्यांनी लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते. पुढे १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागासाठी अशी नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. तेथील कार्यकर्त्यांनी गावोगावी जाऊन केवळ नोंदी घेतल्या नाहीत, तर लक्षणांविषयी जागृतीही केली. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारासाठी येऊ लागले.

निष्कर्ष
साध्या व मारक अर्बुदांतील भेद हाताच्या स्पर्शाने निश्चित होत नाही. त्याचा निर्णय ऊतिपरीक्षेनेच होतो, हे या इतिहासातून स्पष्ट होते. मोठी प्रयोगशाळा भडगावात नसली तरी ऊतीचा लहानसा नमुना तेथून शहरात पाठविता येतो. म्हणून काढलेली गाठ टाकून न देता तपासणीस पाठविणे, हा डॉक्टर व रुग्ण या दोघांचाही आग्रह असावयास हवा. बार्शीचा अनुभव पाहता ग्रामीण महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही जाणीव खेड्यापर्यंत नेणे उपयुक्त ठरेल.