केरापासून वीज

अग्नि हा पावक आहे ही भावना आपल्या हाडींमासीं खिळलेली असल्यामुळें, शहराचा केरकचरा जाळून टाकावा ही सूचना आपणांस प्रथमदर्शनीं निर्दोष वाटते. या उपायाचा इतिहास मात्र इतका सरळ नाहीं.

शहरचा कचरा पद्धतशीर जाळणारी पहिली भट्टी १८७४ सालीं इंग्लंडांत नॉटिंगहॅम येथें आल्फ्रेड फ्रायर याच्या योजनेप्रमाणें उभारली गेली. आरंभींच्या भट्ट्यांत आंच मंद असे. त्यामुळें दुर्गंधीयुक्त धूर शेजाऱ्यांच्या घरांत शिरे. मग ईलिंगच्या चार्ल्स जोन्सनें तो धूर पुन्हां जाळण्याची युक्ति काढली. पण त्यासाठीं कोक विकत घेणें आलें!

लंडनच्या शोर्डिच विभागानें १८९७ त याहून मोठी उडी मारली. कचऱ्याच्या उष्णतेवर वाफ करून वीज काढण्याचें केंद्र तेथें निघालें, आणि 'धुळींतून प्रकाश व शक्ति' अशा अर्थाचें लॅटिन ब्रीदवाक्य इमारतीवर कोरलें गेलें. परंतु ही धूळ निव्वळ धूळ नव्हती. घरोघर दगडी कोळसा जळे व त्याचे अर्धवट जळलेले तुकडे केरांत पडत. भट्टीचें जळण केराबरोबरच चालत येई.

हा भेद दिल्लीनें ध्यानांत घेतला नाहीं. १९८७ त तिमारपूर येथें डेन्मार्कच्या यंत्रसामग्रीनें रोज ३०० टन कचरा जाळण्याचा कारखाना सुमारें २० कोटि रुपये खर्चून उभा राहिला. आपल्या कचऱ्यांत असतें काय? भाजीचे देठ, उष्टेंखरकटें, माती आणि ओल. कागद, पुठ्ठा, चिंध्या हें जें जळावयाचें, तें रद्दीवाल्यानें आधींच उचललेलें असतें. कारखाना अवघे २१ दिवस चालला व १९९० त कायमचा बंद पडला. या तीन आठवड्यांत जितका बोध आहे, तितका पुष्कळशा जाडजूड अहवालांत आम्हांस आढळला नाहीं.

मध्यंतरीं १९७७ त हॉलंडांतील रसायनज्ञांस अशा भट्ट्यांच्या राखेंत डायॉक्सिन हें घातक द्रव्य सांपडलें. आंच अपुरी पडली किंवा धूर सावकाश निवला, कीं तें उत्पन्न होतें. युरोपनें पुढें कडक निर्बंध घातले व गाळण्या बसविल्या. यंत्रें सुधारलीं हें नाकारण्यांत हशील नाहीं. पण गाळणीवर रोज नजर ठेवणारा माणूस लागतो, आणि आमच्या नगरपालिकांची खरी उणीव तीच आहे.

दिल्लींतच ओखला येथें २०१२ त नवी भट्टी पेटली. शेजारच्या सुखदेव विहारांतील रहिवाशांनीं २००९ पासूनच न्यायालयाकडे धांव घेतली होती. २०१७ त राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें मागील कसुरीबद्दल २५ लक्ष रुपये भरावयास लावून कारखाना चालूं ठेवण्यास मुभा दिली.